झोप लागते का रे नीट?

यंदा दिवाळीच्या फराळाच्या गडबडीत आमच्या घरी एक वेगळाच कागद आला. शेजारची मुलगी छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात मानसशास्त्रात एम.ए. करते. विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्यावर तिचा लघुप्रबंध आहे. "काकू, दादा सुटीला आलेत ना? त्यांना एवढं भरायला सांगा. नाव मात्र लिहायचं नाही," म्हणाली.

कागदावर अवघी पाच वाक्यं. जागतिक आरोग्य संघटनेची ही प्रश्नावली १९९८ पासूनची. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, दिवसभरात मन रमेल असं काही होतं का. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. बेरजेला चारानं गुणायचं. पन्नास किंवा त्याखाली आलं तर नीट चौकशी करावी. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचं.

मनात म्हटलं, एवढ्यानं काय कळणार? शाळेत मी मुलांना याहून अवघड प्रश्न घालते!

धाकटा दीर एम.एस्सी.ला, वसतिगृहात राहतो. मी लग्न होऊन घाटनांदूरला आले तेव्हा तो तिसरीत होता, म्हणून अजून अरेतुरेच. आला तो दहा-दहा वाजेपर्यंत अंथरुणात. सासूबाई म्हणाल्या, "शहरात राहून आळशी झालाय." खरं सांगते, मीही तेच म्हणत होते. चकलीला हात लावला नाही तेव्हा तर रागच आला.

दुपारी दोघं शेंगा फोडत बसलो होतो. मी कागदातला चौथा प्रश्न आपल्या भाषेत विचारला, "काय रे, झोप लागते का नीट?" बराच वेळ नुसता टरफलांचा आवाज. मग म्हणाला, "वहिनी, जूनपासून पहाटेपर्यंत जागाच असतो." दोन विषय राहिले होते, घरी सांगितलं नव्हतं. मी धीर करून विचारलं, जिवाचं काही बरंवाईट मनात येतं का? असं विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो ही समजूत खोटी आहे. "कधीकधी येतं," म्हणाला आणि रडला.

त्या रात्री हे त्याच्याच खोलीत झोपले. सकाळी तिघं अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलो. सासूबाईंना "झोपेच्या औषधाला जातोय" एवढंच सांगितलं. खरं चार दिवसांनी. त्या चिडल्या नाहीत, उलट त्याच्या उशाशी बसून राहिल्या.

२०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला, त्यातले १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. हा आकडा सरकारी अहवालातला आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. तेव्हा प्रवेशाच्या वेळीच विचारा, ते कोण आणि बसतात कधी. फीची पावती नाही का आपण मागून घेत?

शेजारच्या मुलीला विचारलं, बाकीच्या मुलांचं काय निघालं गं? "काकू, ते सांगता येत नाही," म्हणाली. पण कागद देताना ती प्रत्येकाला एक चिठ्ठी देते, त्यावर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर. फुकट आहे, रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. मी तो गॅसच्या नंबराशेजारी भिंतीवर लिहिलाय.

दीर परत गेला, औषध चालू आहे. परवा फोनवर म्हणाला, "काल अकराला झोपलो. आणि वहिनी, चकली उरली असेल तर पाठवा."