अलीगढची हमीदाबानू

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात गावची जत्रा म्हटली की दोन गोष्टी ठरलेल्या असत. सकाळी देवाची पालखी आणि दुपारी कुस्त्यांचा फड. मेहकर तालुक्यातल्या आमच्या लहानशा गावातही हाच क्रम होता. आधी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, आणि उन्हे कलल्यावर इनामाच्या. हलगी घुमू लागली की आमचे वडील जेवणाचे ताट अर्धे टाकून उठायचे. आम्ही मुले त्यांच्या धोतराला धरून मागे.

आई मात्र घरी. तीच काय, गावातली एकही बाई फडाकडे फिरकत नसे. आखाड्याची माती मारुतीची, तिला बाईची सावलीसुद्धा चालत नाही, अशी जुन्या माणसांची समजूत होती. आम्ही परत आलो की आई चुलीपुढून मान न वळवता विचारी, "कोन जितलं रे?" तिला पंचक्रोशीतल्या सगळ्या पैलवानांची नावे पाठ होती; कोणाची ढाक चांगली, कोण धोबीपछाडाला कच्चा, हेसुद्धा ठाऊक होते. जन्मात एक कुस्ती पाहिली नाही. पण ज्ञान असे की एखाद्या पंचाने सल्ला घ्यावा!

हे सांगायचे कारण, अशा त्या काळात एक बाई लंगोटबंद पैलवानांना नाव घेऊन आव्हान देत हिंदुस्थानभर फिरत होती. तिचे नाव हमीदाबानू. ४ मे २०२४ रोजी गूगलने आपल्या पहिल्या पानावर तिचे चित्र काढले, तेव्हा पुण्याला असलेल्या माझ्या नातीने फोन केला, "आबा, ही कोण हो?" नातीला उत्तर द्यायचे म्हणून वाचायला बसलो आणि वाचता वाचता गुंतत गेलो. कारण ही बाई अलीगढची म्हणून गाजली खरी, पण तिच्या आयुष्याचा शेवटचा मोठा भाग आपल्या महाराष्ट्रात, कल्याणला गेला.

तिचे घराणे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरचे, पैलवानकीतले. सलाम पैलवान नावाच्या वस्तादाच्या हाताखाली ती अलीगढला तयार झाली. उंची पाच फूट तीन इंच आणि वजन १०८ किलो. तिच्या खुराकाची यादी त्या वेळच्या वर्तमानपत्रांनी मोठ्या चवीने छापली. ती आमच्या वाचक भगिनींनी जरा दम खाऊनच वाचावी: दिवसाला साडेपाच लिटरांहून अधिक दूध, पावणेतीन लिटर सूप, पावणेदोन लिटर फळांचा रस, एक कोंबडी, जवळजवळ किलोभर मटण, बदाम, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, दोन मोठे पाव आणि दोन थाळ्या बिर्याणी! त्यावर सहा तास मेहनत आणि नऊ तास झोप. आमच्या घरी महिन्याचे दुधाचे बिल आले की जो गंभीर चेहरा होतो, तो या बाईच्या घरी रोज संध्याकाळी होत असेल.

पण खुराकाने पैलवान होत नाही. तसे असते तर आमच्या ओळखीचे कितीतरी गृहस्थ हिंदकेसरी झाले असते. बाईजवळ डाव होते आणि हिंमत होती. १९४४ साली मुंबईत गुंगा पैलवानाशी तिची कुस्ती ठरली, तेव्हा वीस हजारांच्या आसपास लोक जमले असे 'बॉम्बे क्रॉनिकल'ने लिहिले होते. ऐन वेळी गुंगाने जास्त पैसे आणि तयारीला जास्त वेळ मागितला, कुस्ती रद्द झाली, आणि चिडलेल्या लोकांनी मैदानाची मोडतोड केली. एका बाईची कुस्ती पाहायला मिळाली नाही म्हणून दंगा, ही गोष्ट आमच्या आईला सांगितली असती तर तिने नक्कीच चुलीपुढून मान वळवली असती.

मग आले १९५४ साल. फेब्रुवारीत हमीदाबानूने जाहीर केले, "जो मला चीत करील त्याच्याशी मी लग्न करीन." द्रौपदीच्या स्वयंवरात पण होता माशाच्या डोळ्याचा, इथे वधू स्वतःच पण होऊन आखाड्यात उभी! आधी पतियाळाचा एक नामांकित मल्ल पडला, मग कलकत्त्याचा. मे महिन्यात ती बडोद्याला आली. गावभर गाड्यांवर फलक लागले. तिथे तिचा सामना होता छोटे गामा पैलवानाशी, ज्याला बडोद्याच्या महाराजांचा आश्रय होता. त्याने शेवटच्या क्षणी अंग काढून घेतले. बाईशी लढणार नाही म्हणाला. मग बाबा पैलवान पुढे आला. कुस्ती चालली एक मिनिट चौतीस सेकंद. चहाला आधण येण्याच्या आत बाबा चीत झाला आणि लग्नाचा प्रश्न मिटला.

आता वाचक म्हणतील, यात दुःख कुठे आहे? ते इथून पुढे आहे, आणि त्याची सुरुवात, सांगायला वाईट वाटते, आपल्या मराठी मुलखातच झाली. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी तिची कुस्ती ठरली होती. कुस्तीचे नियंत्रण करणाऱ्या मंडळींनी हरकत घेतली आणि ती झालीच नाही. कोल्हापूर म्हणजे तर मल्लविद्येचे माहेरघर! तिथे तिने शोभासिंग पंजाबी याला हरवले, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि दगड मारले. पोलिसांना बोलवावे लागले. 'हा तमाशा आहे, कुस्ती नव्हे' असे लोक म्हणू लागले.

आपल्या कुस्त्यांवर अघोषित बंदी आहे, अशी तक्रार तिने मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे केली. मोरारजींचे उत्तर त्यांच्या स्वभावाला धरून होते: बाई म्हणून कुस्त्या थांबवलेल्या नाहीत, कुस्त्या भरवणाऱ्या ठेकेदारांविषयी तक्रारी आहेत, ते तिच्यापुढे नुसते नावाचे मल्ल उभे करतात असे म्हणतात.

यात खरे किती असेल? मला वाटते, थोडेफार असू शकेल. तिकीट लावून कुस्ती भरवणाऱ्या माणसाला गल्ला भरायचा असतो, आणि नेमून आणलेला गडी कधी पडायचे हे त्याला आधीच सांगितलेले असते, हा प्रकार जत्रेच्या फडालाही नवा नाही. आमच्या गावी 'मिलीभगत' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो कुस्तीच्याच बाबतीत. पण मग हा न्याय सगळ्यांना सारखा हवा. मुंबईत त्याच दशकात दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांना गर्दी लोटत होती. त्यांत कुस्ती किती आणि खेळ किती, यावर पानाच्या ठेल्यावर पैजा लागत. म्हणून दारासिंगांचे काही बिघडले नाही. ते सिनेमाचे नायक झाले, १९८७ साली 'रामायण' मालिका सुरू झाली तिच्यात घरोघरी हनुमान म्हणून पोहोचले, २००३ साली राज्यसभेत गेले. त्यांचे ते यश त्यांच्या ताकदीने मिळवलेले होते, त्याबद्दल दुमत नाही. प्रश्न इतकाच की, संशय दोघांवर आणि दगड मात्र एकीला, हे कसे?

आणि सगळ्याच कुस्त्या ठरवलेल्या असत्या, तर छोटे गामाने माघार घेतली नसती. हरणार नाही याची खात्री असलेला मल्ल बाईशी लढून हसत घरी गेला असता. त्याला भीती वाटली ती हरण्याचीच असावी. पुरुषाकडून हरले तर माणूस पुन्हा लढतो. बाईकडून हरला तर गावात तोंड दाखवायची पंचाईत! लग्नाचे आमिष दाखवून ती जो डाव टाकीत होती तो खरा इथे होता. आव्हान घेतले तर पडण्याची भीती, नाही घेतले तर भित्रा ठरण्याची. पैशावर खेळणारा कसलेला खेळाडू समोरच्याची घमेंड ओळखून पट मांडतो, तसा तिने मांडला होता.

त्याच वर्षी मुंबईत व्हेरा चिस्टिलिन हिच्याशी तिचा सामना झाला. 'रशियाची अस्वलीण' अशी तिची जाहिरात होती. अस्वलीण एका मिनिटाच्या आत पडली. मग हमीदाबानूने जाहीर केले की, आता युरोपात जाऊन तिथल्या मल्लांशी लढणार.

आणि इथे एकाएकी वर्तमानपत्रांतून तिचे नाव नाहीसे होते.

पुढचे जे कळते ते तिच्या जवळच्या माणसांनी फार वर्षांनी सांगितले म्हणून. सलाम पैलवान आणि ती कल्याणला येऊन राहिली होती. दुधाचा धंदा होता. तिने युरोपला जावे हे सलामला पसंत नव्हते. तिच्या नातवाने सांगितले की, तिला थांबवण्यासाठी सलामने तिला मारहाण केली, तिचे हात मोडले. शेजारच्या एका माणसाला तिचे पायही मोडल्याचे आठवत होते. ती उभी राहू शकत नव्हती. पुढे हाडे जुळली, पण कित्येक वर्षे तिला काठीशिवाय नीट चालता येत नव्हते.

सलाम तिचा कोण, यावरही घरात एकमत नाही. त्याची मुलगी म्हणते, ती आमची सावत्र आई. नातू म्हणतो, लग्न कधी झालेच नव्हते. 'मला हरवील त्याच्याशी लग्न करीन' म्हणणारीला आखाड्यात कोणी हरवले नाही, आणि घरात ज्याने तिची हाडे मोडली त्याच्याशी तिचे नाते काय, हे तिच्या मागे राहिलेल्यांनाही एका शब्दात सांगता येत नाही. फडात पंच असतो. डाव वावगा झाला तर तो शिट्टी मारतो, दोघांना सोडवतो. चार भिंतींच्या आत सोडवायला कोणी नसते. शेजारी ऐकतात आणि खिडकी लावून घेतात. ही गोष्ट फक्त १९५४ सालची आहे, असे आपल्यापैकी कोणी छातीवर हात ठेवून म्हणेल का?

सलाम पुढे अलीगढला परत गेला. तरीही १९७७ साली, वाचकहो, ही बाई अलीगढला गेली. का गेली असेल? वस्ताद म्हणून? इतक्या वर्षांची सोबत म्हणून? मी यावर पुष्कळ विचार केला आणि घरात विचारले. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्हाला नाही कळायचे ते." मी पुढे वाद घातला नाही.

ती मात्र कल्याणलाच राहिली. एक मुलगा दत्तक घेतला होता, त्याचा संसार उभा केला. दूध विकले, काही खोल्या भाड्याने दिल्या. हात आखडला की घरी खाण्याचे पदार्थ करून रस्त्याच्या कडेला विकायला बसे. १९८६ साली ती गेली. दिवाळीच्या दिवसांत आपण चकल्या-शेवेची पुडकी विकणाऱ्या बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. कल्याणच्या रस्त्यावर त्या वेळी एखाद्या गिऱ्हाइकाने अशीच घासाघीस एका बाईशी केली असेल, जिने मुंबई-बडोद्यात हजारो लोकांना जागेवर उभे केले होते.

आता काळ पालटला आहे. २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये बायकांच्या कुस्तीला प्रवेश मिळाला. २०१६ साली रिओमध्ये साक्षी मलिकने कांस्यपदक आणले. आपल्याकडे पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ सालापासून होती; बायकांची पहिली महाराष्ट्र केसरी व्हायला २०२३ साल उजाडावे लागले. सांगलीत ती झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा जिंकली. अंतिम फेरीत तिच्यासमोर जी मुलगी झुंजली, ती वैष्णवी पाटील. ती कुठली म्हणाल, तर कल्याणची! हा योगायोग वाचला तेव्हा मी चष्मा काढून पुसला. दगड कोणी मारले नाहीत. टाळ्या दोघींनाही पडल्या.

माझी नात कुस्ती खेळत नाही. ती संगणकाचे काही शिकते. पुढच्या वर्षी परदेशी जायचे म्हणते आहे. तिच्या आईला काळजी आहे, वडिलांना खर्चाची आहे, आणि घरात रोज त्यावर खल चालू आहे. काळजी करणे हे मोठ्यांचे कामच आहे. पण जायचे की नाही हे तिने ठरवावे, असे मी सुनेला आणि मुलाला या दिवाळीत बसवून सांगणार आहे. विमानाच्या तिकिटाला माझ्या पेन्शनमधून हातभार लावीन म्हणतो. तिला निरोप देताना हमीदाबानूची ही सगळी हकिकत, कल्याणच्या काठीसकट, सांगायची आहे.