ठिणगी वाढवून मिळते, पिकअप नाही

पावसाळा संपला की पुण्या-मुंबईतल्या आयटीवाल्यांचे गणपतीपुळ्याचे बेत सुरू होतात, आणि बेताच्या आधी गाडीला 'काहीतरी लावून घेणं' आलंच. सीट कव्हरं आणि स्पीकरपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. पण हल्ली स्पोर्ट्स कारवाल्या दोस्तांच्या डोक्यात इग्निशन ॲम्प्लिफायरचं खूळ शिरलंय. डबा लावला की ठिणगी तगडी, ठिणगी तगडी की पिकअप तगडा, मग घाट म्हणजे किस झाड की पत्ती! स्पष्टच सांगतो मंडळी, बहुतेक गाड्यांच्या बाबतीत हा शुद्ध झोल आहे. आणि इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेली माणसं त्यासाठी पाच आकडी रक्कम मोजतात, हे बघून डोकं फिरतं.

आधी हा डबा करतो काय ते बघू. बॅटरी देते १२ व्होल्ट. प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला लागतात हजारो व्होल्ट, आणि ते काम इग्निशन कॉइल करते. ॲम्प्लिफायर कॉइलच्या आधी बसतो. बाजारात गाजलेल्या डब्यांमध्ये एक कपॅसिटर असतो. तो चारपाचशे व्होल्टपर्यंत भरून घ्यायचा आणि ऐन वेळी कॉइलमध्ये रिकामा करायचा. अशी ठिणगी जोरदार, पण फारच थोडा वेळ टिकणारी. म्हणून कमी आरपीएमला हे डबे एकामागोमाग अनेक ठिणग्या उडवतात. साधारण ३००० आरपीएमच्या वर तेवढा वेळच उरत नाही, मग एकच. म्हणजे ज्या वेगात तुम्हाला पराक्रम गाजवायचा असतो, तिथे ती जाहिरातीतली 'मल्टिपल स्पार्क'ची आतषबाजी गुल!

आता ही वस्तू मुळात जन्माला का आली? तर जुन्या गाड्यांत कॉइलचा करंट चालू-बंद करायला 'पॉइंट' असायचे. आपल्या प्रीमियर पद्मिनीत होते तसे. धातूचे दोन छोटे तुकडे, तीनचार अँपिअर करंट रोज तोडून तोडून जळायचे, झिजायचे. शिवाय सगळ्या सिलिंडरना मिळून कॉइल एकच. हिशेब करा: चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन, ६००० आरपीएम, म्हणजे सेकंदाला १०० फेरे आणि २०० ठिणग्या. दोन ठिणग्यांमध्ये ५ मिलिसेकंद. त्यातला काही वेळ पॉइंट उघडे, म्हणजे कॉइल भरायला मिळाले जेमतेम ३. कॉइल अर्धीमुर्धी भरणार आणि ठिणगी मिणमिणती होणार. हे खरंखुरं दुखणं होतं आणि ॲम्प्लिफायर हा त्याचा खराखुरा इलाज होता.

पण ते दुखणं गेलं की हो! नंतरच्या गाड्यांत पॉइंट गेले. पुढे दोन सिलिंडरना एक कॉइल आली, म्हणजे भरायला १० मिलिसेकंद. आता प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसते, म्हणजे तब्बल २०. कॉइल किती वेळ भरायची, ठिणगी पिस्टनच्या कुठल्या जागेला उडवायची, हे बॅटरीचं व्होल्टेज आणि इंजिनवरचा भार बघून ईसीयू ठरवतो. अशा गाडीला ॲम्प्लिफायर लावणं म्हणजे ब्रॉडबँड आल्यावर डायल-अपचा स्पीड वाढवणारं सॉफ्टवेअर विकत घेणं :)

"तरीपण मोठी ठिणगी म्हणजे मोठा स्फोट ना?" नाही राव. एक ठोस उदाहरण घेऊ. आपल्या शेजारच्या गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आठवते? दोन सीटची, उघड्या टपाची, फायबरच्या बॉडीची, १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेली. नवी आता मिळत नाही, पण हौशी लोक जुन्या शोधून घेतात आणि याच हौशी लोकांना हे डबे विकले जातात. इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं, ताकद साधारण ६० हॉर्सपॉवर. एका सिलिंडरच्या वाट्याला सुमारे २८७ सीसी. तो पूर्ण भरला तर हवा एक तृतीयांश ग्रॅम आणि पेट्रोल ग्रॅमच्या चाळिसाव्या भागाहूनही थोडं कमी. एवढ्याशा पेट्रोलात ऊर्जा असते सुमारे १००० ज्यूल. आणि धडधाकट ठिणगीत? ०.०५ ज्यूलच्या आसपास. वीस हजार पटींचा फरक! नीट मिसळलेलं मिश्रण पेटायला तर एक मिलिज्यूलसुद्धा खूप झालं. बाकीची ठिणगी आधीच राखीव म्हणून ठेवलेली असते. काडी लहान की मोठी यावर चुलीतल्या लाकडांची आच ठरत नाही. लाकडं पेटली की काडीचं काम संपलं.

व्होल्टेजचंही तेच. डब्यावर किती का हजार व्होल्ट छापलेले असेनात, प्लगची फट जेवढ्याला फुटते तेवढ्यावरच ठिणगी उडते. उरलेला आकडा फक्त खोक्यावर शोभतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "पण लावल्यावर फरक जाणवतो रे!" जाणवणारच. गॅरेजवाला डबा लावताना प्लग नवे टाकतो, हाय टेन्शन वायरी बदलतो, बॅटरीची टर्मिनलं घासतो. मग गाडी सुधारली ती कशामुळे? ऑफिसात एका कमिटमध्ये चार बदल घुसडून "परफॉर्मन्स वाढला" म्हणणाऱ्या ज्युनिअरला आपण रिव्ह्यूमध्ये सोलून काढतो. तीच अक्कल शनिवारी गॅरेजात कुठे जाते? आधी फक्त नवे प्लग टाका, गाडी डायनोवर चढवा, आकडा लिहून घ्या. मग डबा जोडा, पुन्हा चढवा. एवढं करायला तयार असलेला विक्रेता मला तरी अजून भेटलेला नाही.

याहून वाईट म्हणजे हा डबा आजार लपवतो. प्लगवर काजळी धरली, कॉइल म्हातारी झाली, मिश्रण बिघडलं, तर इंजिन अडखळतं. ते अडखळणं हा निरोप असतो. ठिणग्यांचा मारा करून तो निरोप गप्प करणं म्हणजे रिकामा कॅच ब्लॉक लिहून एक्सेप्शन गिळून टाकणं. प्रोग्राम चालतो, आणि फुटतो तो नेमका प्रॉडक्शनमध्ये.

आणि इथलं प्रॉडक्शन म्हणजे कोकण. समुद्राची खारी हवा तांब्याच्या जोडांवर हिरवी पूड चढवते. इंजिनची अर्थ वायर आतून कुजते. अनेकदा 'कमजोर ठिणगी'चं खरं कारण ही शेदोनशे रुपयांची पट्टी असते. फायबरच्या बॉडीत तर अजून गंमत, कारण बॉडीतून करंट परतच जात नाही. डब्याची अर्थ वायर थेट चासीला किंवा बॅटरीला गेली पाहिजे. ती जवळच्या स्क्रूला गुंडाळून इन्सुलेशन टेप मारणारे कलाकार आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. त्यात वायरी जुन्या असतील तर वाढीव व्होल्टेज प्लगपर्यंत न जाता दमट हवेत इंजिनच्या अंगावरच उडी मारतं. खात्री करायची असेल तर रात्री अंधारात, गाडी चालू ठेवून, हात लांब ठेवून बॉनेटखाली बघा. निळे साप वळवळताना दिसतील.

समजा रत्नागिरीहून आरे-वारेच्या किनारी रस्त्याने गणपतीपुळ्याला निघालात आणि मध्येच तो डबा मेला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये तुमची निपचित स्पोर्ट्स कार. मालगुंडच्या मेकॅनिकने तुमचा इम्पोर्टेड डबा का म्हणून ओळखावा? कंपनीची वायरिंग कापलेली असेल तर तो परत जोडणार तरी काय?

आता न्यायाची गोष्ट. पद्मिनी प्रेमाने सांभाळणाऱ्यांनी पॉइंटचा भार हलका करणारं ट्रान्झिस्टर इग्निशन जरूर लावावं, आणि डबा बिघडला तर पुन्हा पॉइंटवर जाता येईल असा स्विच ठेवून लावावं. टर्बोचं प्रेशर वाढवून ट्रॅकवर पळणाऱ्यांनाही तगडी ठिणगी लागते, कारण दाबाखाली प्लगची फट फोडायला व्होल्टेज जास्त लागतं. या दोन्ही पंथांना माझा नमस्कार. माझं भांडण सोमवार ते शुक्रवार हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये फर्स्ट-सेकंड करणाऱ्या आणि वर्षातून दोनदा पुळ्याला जाणाऱ्या गाडीच्या मालकाशी आहे.

कारण हा प्रश्न फक्त वाया गेलेल्या पैशांचा नाही. कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरा किंवा कोल्हापूरहून आंबा घाटाने, गणपतीपुळं खाली समुद्रकाठी आहे. जाताना उतार असतो. उतारावर ठिणगीला कोण विचारतं? तिथे ब्रेक लागतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, पाणी मुरलं की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, आणि सततच्या ब्रेकिंगने ते तापून उकळलं की पेडल गचकन खाली जातं. तेव्हा बाजूच्या सीटवर बायको असते, मागे गाडीभर मित्र असतात, समोर वळणावरून लाल डबा वर येत असतो. सहा वर्षांच्या कडक झालेल्या टायरवर आणि काळ्या पडलेल्या ब्रेक ऑइलवर चमचमता ॲम्प्लिफायर मिरवणाऱ्याला मी हौशी म्हणत नाही, बेजबाबदार म्हणतो.

तेव्हा ॲम्प्लिफायरसाठी काढलेले पैसे असे वाटा: ब्रेक ऑइल आणि पॅड, टायर, योग्य फटीचे प्लग, नवी अर्थ पट्टी. उरलेल्यात पुळ्याला मोदक खा, आंबापोळी घ्या. एवढं करूनही घाट चढताना गाडी सुस्त वाटली तर सरळ गिअर एक खाली टाका. ते फुकट आहे.