नातवंडाचे पहिले पुस्तक

शिरूर तालुक्यातील न्हावऱ्यासारख्या गावात आईवडील शेतात किंवा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला गेले, की तान्हे मूल आजी-आजोबांच्या स्वाधीन होते. ते जेवेना झाले, की हाताशी असलेला मोबाइल त्याच्यापुढे धरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवूच नये. बसल्या वेळी त्यांना गोष्ट सांगावी, पुस्तक दाखवावे. यासाठी जाड पुठ्ठ्याच्या पानांचे ‘बोर्ड बुक’ सोयीचे.

‘मला वाचता येत नाही, मग मी पुस्तक कसे दाखवू?’ असे म्हणून अनेक आज्या मागे सरतात. आजीबाई, या वयाच्या मुलाला अक्षरांची गरज नसते. चित्रावर ठेवलेले तुमचे बोट आणि तुमचा आवाज त्याला पुरेसा असतो. म्हणून पुस्तक निवडताना पहिली कसोटी हीच लावावी : हे चित्र पाहून मला चार शब्द बोलावेसे वाटतात का?

पहिल्या काही महिन्यांत बाळाला वीस ते तीस सेंटिमीटर अंतरावरचेच नीट दिसते. त्यासाठी ठळक काळी-पांढरी चित्रे घ्यावीत. सहा महिन्यांनंतर बाळ पुस्तक तोंडात घालणारच. तेव्हा एका पानावर एकच मोठे चित्र असावे. वर्षानंतर गाय, भाकरी, विहीर, ऊस अशी ओळखीची चित्रे दाखवावीत. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या संचासारखी, घरातल्या माणसांची पुस्तके मांडीवर घेऊन दाखवता येतात.

खरेदी करताना पुस्तक हातात घेऊन पाहावे. कोपरे गोल असावेत. पुठ्ठ्याचे पापुद्रे सुटत नसावेत. मणी, चमकी, सुटणारे तुकडे नसावेत. आवाज करणाऱ्या पुस्तकांत गोल, चपटी बटण-बॅटरी असते. तिचे झाकण स्क्रूने पक्के बसवलेले नसेल, तर ते पुस्तक घेऊच नये. अशी बॅटरी गिळली गेली, तर दोन तासांच्या आतही अन्ननलिका भाजू शकते. शंका आली तरी उलटी करवू नये, घरी वाट पाहू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

पुस्तक विकतच आणले पाहिजे असे नाही. १९४५ मध्ये बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी परिसरातील साध्या वस्तूंवर भर दिला. तुम्हीही जाड पुठ्ठ्याचे चार-पाच तुकडे कापा, कोपरे गोल करा, त्यांवर आई, बाबा, आत्या, घरची शेळी यांची छायाचित्रे चिकटवा आणि रुंद पारदर्शक पट्टीने पाने झाकून एकमेकांना जोडा. स्टेपलरच्या पिना मात्र वापरू नका. पट्टी सुटत नाही ना, हे अधूनमधून पाहा आणि हे पुस्तक तुमच्या देखत असतानाच बाळाच्या हाती द्या.

दाखवताना भिंतीला पाठ टेकून बसा, चष्मा लावा, उजेड पानावर पडू द्या. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसा. पाच मिनिटे पुरेत. मूल पाने उलटी करील, एकच पान दहा वेळा मागेल, मागू द्या. बोलणे आपल्या घरच्या बोलीतच असू द्या.

रोजच्या या पाच मिनिटांत एक गोष्ट सर्वांआधी तुमच्याच लक्षात येऊ शकते. वर्षाचे मूल नावाने हाक मारूनही वळत नसेल, किंवा दीड वर्षांचे होऊनही हव्या त्या वस्तूकडे बोट दाखवत नसेल, तर ‘बोलेल हळूहळू’ असे म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानांची तपासणीही करून घ्या.