वाकायचे कोणी?

साखर पडली की रस इथेनॉलकडे, चढली की पुन्हा साखर. एवढी लवचिकता कारखान्यात असली तरच उसाचे बिल वेळेवर निघते. त्यासाठीच कर्जे काढून डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या. ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गाळपात, केंद्राने रसाचे इथेनॉल बंद केले. आठवड्यात थोडी ढील दिली. बंदी उठवली ऑगस्ट २०२४ मध्ये, पुढच्या हंगामासाठी! आणि लवचिक व्हायचा उपदेश आम्हाला, नाहीतर ऊसतोड मजुराला. तो तर उचल फेडायला फडाफडांतून संसार हलवतो. आणखी किती वाकावे त्याने?

चौदा दिवसांत बिल, नाहीतर १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत: चालू हंगामात सरकारने नियम फिरवला, तर थकलेल्या बिलाचे व्याज सरकारने भरावे.