लहानग्यांचा उपवासकाळ
उपवासकाळ, म्हणजे राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत रविवार वगळून येणारे 40 दिवस, महाड-पोलादपूरकडे फारसा परिचित नसला, तरी रायगड जिल्ह्यातच, पोर्तुगीज मिश्रबोली जपणाऱ्या कोर्लईच्या कॅथलिक घरांत तो पाळला जातो. 1983च्या चर्च-कायद्याने मांसवर्जन 14 वर्षे पूर्ण झाल्यावर आणि उपवास, म्हणजे दिवसातून एकदाच पोटभर जेवण, 18 वर्षांनंतर बंधनकारक ठरवल्याने लहान मुले नियमातून सुटतात. पण त्यांना प्रायश्चित्ताचा अर्थ समजावण्याची जबाबदारी तोच कायदा आईवडिलांवर टाकतो, आणि खरी कसोटी तिथेच लागते. मासळी वर्ज्य नसल्यामुळे समुद्रकाठच्या घरात कोंबडीऐवजी बांगडा ताटात आला, तर पोराला त्यात त्याग कसला दिसणार? चॉकलेटचे पैसे दानाच्या डब्यात टाकणे त्याला अधिक कळते, मग भले तो डबा रोज हलवून पाहो.