खेळण्यांचे मोल कोणी ठरवावे?

अंतराळपटांतील आणि विज्ञानकथांतील पात्रांचे प्लास्टिकचे बाहुले जमविणे हा छंद आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. धुळे-जळगावकडील कारकुनाच्या वा शिक्षकाच्या घरातील मुलगा नोकरीला लागतो, माळ्यावरची जुनी पेटी खाली काढतो आणि त्याला पहिला प्रश्न पडतो तो हा की, याचे आता किती येतील? प्रश्न वरकरणी पोरकट वाटला तरी तो अर्थशास्त्राचा आहे. आणि त्याचे जे उत्तर सध्या सर्रास दिले जाते, ते आपल्या परिस्थितीला लागू पडत नाही.

हे उत्तर अमेरिकेतून आलेले आहे. मुलग्यांसाठी बाहुली विकायची कशी, या अडचणीवर तोडगा म्हणून हॅस्ब्रो कंपनीने १९६४ मध्ये आपल्या सैनिक-बाहुल्याला ‘ॲक्शन फिगर’ असे नवे नाव दिले. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट आला. दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी अधिक मानधनाचा आग्रह सोडून खेळण्यांसारख्या वस्तूंवरील हक्क पदरात पाडून घेतले होते. चित्रपट अफाट चालला, पण केनर कंपनीचे बाहुले त्या वर्षीच्या नाताळापर्यंत तयार होऊ शकले नाहीत. तेव्हा कंपनीने काय करावे? तिने रिकामी खोकी विकली! खोक्यात एक प्रमाणपत्र. ते टपालाने पाठविले की पुढील वर्षी चार बाहुले घरपोच. वायद्याचा व्यवहार विद्यार्थ्यांना समजावून देण्यास याहून सुबोध उदाहरण सापडणे कठीण. त्याच मालिकेतील ‘बोबा फेट’ या पात्राच्या पाठीवरून अग्निबाण सुटेल असा नमुना १९७९ मध्ये बनविण्यात आला; परंतु बाण मुलांच्या घशात अडकेल या भीतीने तो बाजारात आलाच नाही. अशा एका नमुन्याला २०२४ मध्ये लिलावात सव्वापाच लाख डॉलर मिळाले. ज्याला कोणत्याही मुलाचा हात लागला नाही, ते खेळणे सर्वांत महाग ठरले.

या बाजारात मूल्यमापनाची रीतही तशीच आहे. बाहुल्यांना शंभरपैकी गुण देणाऱ्या संस्था तिकडे आहेत. वेष्टनाचा कोपरा दुमडला, पुठ्ठ्यावर दुकानदाराने किमतीची चिठ्ठी चिकटविली की गुण कापले जातात. मुलाने वेष्टन फोडून बाहुला मातीत खेळविला, तर तो जवळजवळ नापासच. आपल्या परीक्षापद्धतीवर टीका करणाऱ्या शिक्षकांनी हा प्रकार जरूर पाहावा. येथे कोरी उत्तरपत्रिका पहिली येते.

आपल्याकडील बाहुल्यांचा इतिहास मात्र निराळा आहे. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर भारतात दीर्घकाळ निर्बंध होते. त्यांतील शेवटचे परिमाणात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठले. त्या काळात परदेशी खेळणे येथे यायचे तर ते बहुधा येथेच बनवावे लागे. व्हीआयपी सूटकेसमुळे घरोघरी माहीत असलेल्या ब्लो प्लास्ट उद्योगाच्या ‘लिओ’ने मॅटेलच्या सहकार्याने ‘ही-मॅन’ आणि त्याचे सवंगडी येथे आणले. तलवारी आणि यंत्रमानव यांची ती अजब खिचडी होती. १९८७ मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून ‘फनस्कूल’ उभी राहिली आणि तिच्या गोव्यातील कारखान्यातून ‘जी. आय. जो’ बाहेर पडू लागले. नावाला ते सैनिक. त्यांचे शत्रू आणि शस्त्रे मात्र विज्ञानकथेतूनच आलेली.

पावणेचार इंचांच्या या बाहुल्याची रचना पाहण्यासारखी आहे. धडाचे दोन अर्धे भाग पाठीतल्या एका स्क्रूने जोडलेले, आणि कंबर व पाय आतील एका रबरी कड्याच्या ताणावर उभे. कडे कुजले की बाहुला कंबरेत तुटतो. बंदूक जोराने बसविली की अंगठा जातो. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या चटया आणि पाइप बनताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यामागील हिशेब सांगावयास नको. एका बाहुल्याला लागणारे प्लास्टिक थोडे, पोलादी साचा मात्र भारी किमतीचा. म्हणून परदेशात वापरून झालेले साचे येथे येत आणि रंग येथील सोयीने ठरत. मूळ बाहुल्याचा हिरवा गणवेश येथे भलत्याच रंगाचा होई. ज्या रंगांना एकेकाळी नावे ठेवली गेली, त्याच रंगांसाठी अमेरिकेतील संग्राहक आज भारतीय बाहुले मुद्दाम शोधतात.

अशा वस्तूला कोरेपणाचे गुण देऊन काय साधणार? परमिट-परवान्यांच्या काळातील भारतीय कारखानदारी, मध्यमवर्गीय घरातील वाढदिवसाचा खर्च आणि दूरदर्शनने घडविलेले बालपण या तिन्हींचा तो पुरावा आहे. पुरावा कसा जमवावा हे तर धुळ्याला कोणी शिकविण्याची गरज नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे गोळा केली. त्यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच निधन झाले आणि १९२७ मध्ये येथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. वाळवीने खाल्लेला कागद फाटका म्हणून इतिहासाला कमी मोलाचा ठरत नाही. तो कोठे, कोणाकडे सापडला याची नोंद हरवली तर मात्र त्याची साक्ष लंगडी पडते. पुण्याच्या केळकर संग्रहालयातील दिवे आणि अडकित्तेही वापरलेलेच आहेत.

खानदेशात भुलाबाईची मातीची मूर्ती भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत गाणी ऐकते आणि मग पाण्यात जाते. साठवून ठेवण्याची कल्पना तेथे नाही, आणि ती तिथे नसावी हेच उचित. प्लास्टिकचे तसे नाही. ते विरघळत नाही, भंगारात किलोवर जाते.

राहिला गुंतवणुकीचा मुद्दा. नव्या परदेशी बाहुल्यांवर पगार खर्चणाऱ्या तरुणांना ‘याची किंमत वाढतच जाणार’ असे सांगण्यात येते. सरकारने खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के केले आणि २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर नेले. आयात केलेला बाहुला घेणारा हे शुल्क, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा असे सारे भरून बसतो. विकावयास निघाला की गिऱ्हाईक यांतील एकही रक्कम वेगळी मोजून देत नाही. शिवाय १९७७ चे बाहुले दुर्मिळ झाले ते मुलांनी मोडले म्हणून. आजचे बाहुले हजारो मोठी माणसे वेष्टनासह कपाटात ठेवीत आहेत, ते दुर्मिळ व्हायचे कसे? आवड म्हणून अवश्य घ्यावेत. मुलीच्या शिक्षणाची तरतूद म्हणून घेऊ नयेत.

जुन्या भारतीय बाहुल्यांसाठी मात्र फारसा खर्च लागत नाही. प्रत्येकासोबत एक कार्ड पुरे: कोणत्या गावी, कोणत्या दुकानातून, कोणत्या वर्षी, किती रुपयांस घेतला, कोण खेळले आणि काय मोडले. आई-वडील हयात आहेत तोवर या उत्तरांतील बरीचशी मिळतील. वाणिज्य शाखेच्या एखाद्या वर्गाने एका सत्रात शंभर घरांतून ही माहिती जमविली, तर खेळण्यांच्या किमतींची एक मालिकाच हाती येईल. काम दिवाळीच्या साफसफाईपूर्वी व्हावे. नंतर माळे रिकामे असतात.