खात्यापित्या घरची?

मराठी लेखणीला बाजारात बसलेली बाई बहुधा दोनच रूपांत दिसते. एक, अंगाने थोराड आणि तोंडाने फटकळ अशी कोळीण वा भाजीवाली. नाटक-सिनेमांनी तिच्या देहावर हशा पिकवला. दुसरी, कष्टकरी स्त्रीशक्तीचे प्रतीक. तिथे तोच देह 'दणकट' ठरतो. हशा आणि आरती, दोहोंतून एक साधी गोष्ट निसटते: या देहाला आजार असू शकतो, आणि त्याचे मूळ तिच्या धंद्याच्या रचनेत असू शकते.

आम्ही साहित्य शिकवणारी माणसे. म्हणून शब्दापासूनच सुरुवात करतो. 'खात्यापित्या घरची' हा शब्दप्रयोग रूढ झाला तेव्हा पोटभर अन्न हीच सुबत्ता होती. आज रस्त्यावर सर्वांत स्वस्त मिळते ते पिष्ट, साखर आणि तळण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांत अतिवजन वा स्थूलता असलेल्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २४ टक्के झाले. शहरांत तर ३३.२ टक्के. शहरातील प्रत्येक तिसरी स्त्री खात्यापित्या घरची आहे, असे कोण म्हणेल?

आता तिचा दिवस पाहा. मासळीवाली पहाटेच भाऊच्या धक्क्यावर वा ससून डॉकला पोहोचते. भाजीवाली त्याच वेळी घाऊक बाजारात. म्हणजे झोप अर्धी. मग जड पाट्या उचलून गुडघे झिजवायचे आणि उरलेला दिवस त्याच गुडघ्यांवर मांडी घालून बसायचे. उठावे तर गिऱ्हाईक जाते, किंवा पालिकेची गाडी येऊन माल उचलते. स्वच्छतागृह जवळ नाही म्हणून पाणीही बेताने. भूक मारायला गोड चहा आणि वडापाव.

कुणी म्हणेल, टोपलीत मेथी असताना वडापाव कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्याने उसनवारीच्या भांडवलावर धंदा केलेला नसतो. ती मेथी तिचे जेवण नव्हे, सावकाराचा हप्ता आहे. शिवाय ती शिजवायची कुठे आणि कधी?

आणखी एक विपर्यास आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवले की, आपल्याकडची नवजात बालके वजनाने कमी असूनही त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, आणि आईच्या पोटातल्या कुपोषणाचे धागे पुढच्या मधुमेहापर्यंत पोहोचतात. म्हणजे आजचे वजन कालच्या भुकेचेही अपत्य असू शकते. अशा बाईला खादाड म्हणणे हे अज्ञान नव्हे, निर्दयता आहे.

वजन निरुपद्रवी आहे, असे आमचे म्हणणे नाही. मधुमेह आणि रक्तदाब कुणाची गरिबी पाहून थांबत नाहीत. पण उपाय उपदेशात नाही. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ साली झाला. त्यातील नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद आहे. त्या समितीत हक्काची जागा, स्वच्छतागृह, सावली आणि बाजारातच होणारी आरोग्य तपासणी हे विषय येऊ द्या.

बाजारवालीला 'रोज तासभर चाला' हे सांगणे फार सोपे आहे. आधी तिला जागेवरून निर्धास्तपणे उठता येऊ द्या.